विमान तिचं, मेकॅनिक तुम्ही

पत्र :

ताई, नमस्कार. मी सांगलीच्या गावभागात राहतो, कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर आहे. पुण्यात डिप्लोमा करताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. तिथं मॉडेल विमानांचा नाद लागला, तो पन्नाशी उलटली तरी सुटलेला नाही. आधी तारांना धरून गोल उडवायची कंट्रोल लाइन, मग रबरावर उडणारी, हातातून सोडून द्यायची फ्री फ्लाइट, आणि तीन वर्षांपूर्वी पैसे साठवून रेडिओवर चालणारं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, घेतलं. मुलगी आठवीत आहे. लहानपणी सतत माझ्या टेबलापाशी असायची. २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरलं तेव्हा हाताला लागेल ते घेऊन आम्ही बाहेर पडलो. नंतर बघितलं तर तिच्या दप्तरात वह्यांच्या जागी माझ्या एका विमानाचं रडर (शेपटीची उभी पट्टी) आणि रिब्सचा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या पट्ट्यांचा, डबा होता. बाकी सगळं पाण्यात गेलं. आता तीच पोरगी टेबलाकडं फिरकत नाही. मागच्या दिवाळीत तिनं ट्रेनर पाडलं. मी चार शब्द बोललो, तेव्हापासून 'पप्पा, तुम्हीच उडवा की' एवढंच उत्तर. मैत्रिणीच्या घरी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर मात्र तासन्‌तास चालतो. तिच्यासाठी मी काय केलं नाही? तिनं बनवलेला पंख रात्री जागून सरळ केला, तिला कळूही दिलं नाही. त्या दिवशी विमान गिरक्या घेत खाली यायला लागलं तसा मी तिच्या हातातून रिमोट घेतला, पण उशीर झाला होता. बहीण म्हणते, मुलीला कशाला असले उद्योग. बायको म्हणते, दहावी जवळ आली. माझ्यानंतर हे सगळं कोण बघणार? कवलापूरला विमानतळाची जागा आहे, तिथं नेलं तर तिला परत गोडी लागेल का? आणि माझं कॉलेजातलं मॉडेल विमानाचं इंजिन पुरापासून जाम झालंय, ते तिलाच द्यायचं मनात आहे. काय करू?

उत्तर :

दादा, तुमचं पत्र वाचताना मी दोन वाक्यांपाशी थांबले. एका ठिकाणी तुम्ही लिहिता, 'तिनं ट्रेनर पाडलं.' पुढं लिहिता, 'मी तिच्या हातातून रिमोट घेतला.' ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघा. विमान जमिनीवर आपटलं तेव्हा रिमोट कुणाच्या हातात होता? तुमच्या. विमान वाचवता येण्यासारखं नव्हतंही कदाचित, तो भाग वेगळा. पण तिच्या बाजूनं विचार करा. हातातला रिमोट गेला, विमान गेलं, आणि पाडल्याचा ठपका तेवढा तिच्या नावावर राहिला. वर चार शब्द ऐकून घ्यावे लागले. 'तुम्हीच उडवा की' यात मला रुसवा दिसत नाही. जे घडलं तेच ती सांगते आहे.

म्हणून पहिलं काम मैदानावरचं नाही, घरातलं आहे. तिच्याशी बोला, आणि मोघम बोलू नका. 'झालं गेलं विसरून जाऊ' हे अजिबात चालणार नाही, कारण त्यात विसरायचं तिनंच आहे. सरळ सांगा, 'त्या दिवशी रिमोट मी ओढून घेतला. विमान माझ्या हातात असताना पडलं. तू पाडलंस असं मी सगळ्यांना सांगत आलो, ते चुकीचं होतं.' एवढी तीन वाक्यं. पुढं 'पण तूसुद्धा...' असं काही जोडू नका. लगेच नव्या विमानाचं आमिषही दाखवू नका. ती काहीच बोलली नाही तर उठून चहा टाका. तेराव्या वर्षी मुलं अशा गोष्टीचं उत्तर लगेच देत नाहीत, पण ऐकतात नक्की. बहिणीसमोर 'हिनं पाडलं' म्हणून सांगितलं असेल तर बहिणीसमोरही दुरुस्त करा.

बहिणीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. 'मुलीला कशाला असले उद्योग' हे वाक्य तुमच्या मुलीनं आत्याच्या तोंडून ऐकलेलं असणार. आता दिवाळीच्या सुट्टीतलं मैदान डोळ्यांसमोर आणा. क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघत उभी राहिली असतील, हे मी न बघता सांगू शकते, कारण विमान वर गेलं की असंच होतं. त्या सगळ्यांदेखत एका मुलीच्या हातातून तिच्या वडिलांनी रिमोट काढून घेतला. तुमच्या मनात फक्त विमान होतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तिला त्यात आत्याचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं असेल, तर त्यात तिचं काही चुकलं नाही.

आता पंखाकडं येते. खरं सांगू? रिमोटपेक्षा मला त्या पंखाची जास्त काळजी वाटली. 'तिला कळूही दिलं नाही' असं तुम्ही लिहिता. तिला कळलं असणार. स्वतःच्या हातानं एकेक रिब बसवलेल्या माणसाला ती कुठं वाकडी बसली होती हे पाठ असतं, आणि सकाळी ती सरळ दिसली की रात्री काय झालं हेही कळतं. तुम्ही मायेनं केलंत. पण पंखाला पीळ पडला तर काय होतं, हे तुम्ही स्वतः कसे शिकलात ते आठवा. पंखावर टिश्यूचा कागद लावला, पाण्याचा फवारा मारला, आणि वाळायच्या आत घाईनं टाचण्या काढल्या. कागद आवळला तसं एक टोक वर उचललं गेलं. मैदानात विमान सोडलं की ते एकाच बाजूला वळत वळत मातीत. दोनदा तीनदा तसंच झाल्यावर तुम्ही ते डोळ्यांच्या रेषेत मागून धरून बघितलं असेल आणि पीळ दिसला असेल. मग किटलीच्या वाफेवर पंख धरून, उलट्या बाजूला हलकेच पिळून, गार होईपर्यंत तसाच धरून ठेवलात. ती वाफ, बोटाला बसलेला चटका, आणि पुढच्या वेळी सरळ गेलेलं विमान, हे सगळं मिळून शिकणं होतं. तिच्या वाट्याचं ते तुम्ही एका रात्रीत काढून घेतलंत. तिच्या हाती उरला तो एक सरळ पंख, आणि तोही तिचा नव्हता.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. प्रदर्शनाला आलेल्या वस्तूंमध्ये पालकांनी केलेली कुठली हे मुलांच्या चेहऱ्यावरून ओळखू यायचं. आपण केलेल्या वस्तूपाशी मूल खेटून उभं राहतं, कुणी हात लावला तर ओरडतं. पालकांनी केलेल्या वस्तूपाशी ते दोन पावलं बाजूला उभं असतं. तुमची मुलगी सध्या त्या दोन पावलांवर आहे.

माझं म्हणणं असं की विमान तिचं असू द्या आणि तुम्ही तिचे मेकॅनिक व्हा. हे कमीपणाचं काम नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. कंट्रोल लाइनच्या टीम रेसमध्ये प्रत्येक जोडीत एक पायलट आणि एक मेकॅनिक असतो. पायलट हँडल धरून वर्तुळाच्या मध्ये, मेकॅनिक कडेला. विमान उतरलं की मेकॅनिक ते पकडतो, इंधन भरतो, प्रॉपेलरला बोटानं झटका देऊन इंजिन चालू करतो आणि सोडतो. एकाच वर्तुळात तीन जोड्यांची विमानं असतात, शर्यत कितीदा मेकॅनिकच्या बोटांवर जिंकली जाते. पण उडत्या विमानाचं हँडल तो मागत नाही. तुमच्याकडं ती बोटं आहेत.

सुरुवात ट्रेनरपासून करू नका. ते कपाटात राहू द्या. रबरावर उडणारं एक साधं फ्री फ्लाइट करा, आणि त्याला कारण आहे. रेडिओच्या विमानाला एकच रिमोट असतो, त्यामुळं तो कुणाच्या हातात यावरून तुमचं बिनसलं. रबराच्या विमानाला रिमोटच नाही. एकदा हातातून सुटलं की ते ना तुमचं ऐकणार ना तिचं. जे काही ठरवायचं ते आधी ठरवायचं, आणि नंतर दोघांनी मिळून बघत राहायचं.

शिवाय ते खऱ्या अर्थानं दोघांचं काम आहे. रबराला नीट पीळ द्यायचा तर एकट्यानं जमत नाही. एकानं विमान छातीशी घट्ट धरायचं, दुसऱ्यानं रबराचं पुढचं टोक हुकमध्ये अडकवून मागं मागं जात ते तिपटी-चौपटीनं ताणायचं, आणि हातड्रिलनं पीळ भरत भरत हळूहळू पुढं यायचं. ताणून भरलं की जास्त पीळ बसतात, हे तिला आधी न ताणता आणि मग ताणून, दोन्ही करून बघू द्या. ड्रिलच्या मुठीच्या एका फेरीत पुढचा दांडा किती फिरतो ते मोजलं की पिळांचा हिशोब तिचा तिला करता येईल. विमान तुम्ही धरा. ड्रिल तिच्या हातात. किती पीळ भरायचे हे ती ठरवणार. रबर तुटलं तर तुटलं, फक्त तुटताना ते तोंडावर येऊ नये म्हणून दोघांनी चष्मे लावा. रबराला आधी ग्लिसरीन आणि साबण चोळून घ्यायचं हे तुम्हाला माहीत आहे, तेवढं सांगा. नवं रबर पहिल्याच वेळी शेवटपर्यंत भरू नये, हेही सांगा. बाकी तोंड बंद. ते बंद ठेवणं तुम्हाला जड जाईल, पण तीसेक वर्षांच्या अनुभवातलं नेमकं किती सांगायचं हे ठरवण्यातच आता तुमचं कसब लागणार आहे.

सामानासाठी फार धावाधाव नको. रिब्स आणि स्पारसाठी (पंखातली लांब काडी) बाल्सा, म्हणजे हलकं लाकूड, ऑनलाइन मिळतो. ज्या झाडापासून तो होतो ते इक्वेडोरकडचं, त्यामुळं आपल्याकडं महागच, म्हणून तो जपून कापायची सवय लागते. टोकांना आणि चाकांच्या काडीला बुरुडाकडून आणलेला बांबू तासून घ्या. कागद टिश्यूचा नसेल तर पतंगाचा ताव चालेल. मधे कुठं थर्माकोल वापरलात तर फेविक्विकसारखा झटपट गोंद त्याला लावायचा नाही, थर्माकोल वितळून खड्डा पडतो. तिथं साधं फेविकॉलच. यातलं दुकानात जाऊन आणायचं ते तिला घेऊन आणा, आणि दुकानदारानं तुम्हाला विचारलं की 'कशासाठी हवंय?' तर तिच्याकडं बघा. उत्तर तिला देऊ द्या.

आणि रात्री ती झोपल्यावर त्या विमानाला पॉलिश पेपरसुद्धा लावायचा नाही. हा एक नियम मोडलात तर बाकी सगळं वाया जाईल.

मैदानातलं ट्रिमिंग, म्हणजे विमान सोडून बघत त्याचा तोल बसवणं, मला सगळ्यात आवडतं, कारण तिथं वय आणि अनुभव यांचा फायदा थोडा कमी होतो. विमान सगळ्यांना सारखंच दिसतं. पहिल्यांदा पीळ न भरता, कमरेएवढ्या गवतावर हातानं सरळ सोडायचं. सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर असला की बहुतेक बरं चालतं, पण त्यापुढं विमान जे सांगेल ते. नाक वर काढून थबकलं, मग आपटल्यासारखं खाली आलं, पुन्हा वर, असं हेलकावे घेत गेलं तर नाकाला थोडी चिकणमाती लावायची. सरळ मातीत शिरलं तर काढायची. एका वेळी एकच बदल. माती लावली असेल तर त्याच वेळी टेलला हात लावायचा नाही, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही. एकानं सोडायचं, दुसऱ्यानं बाजूला लांब उभं राहून बघायचं, कारण सोडणाऱ्याला मागून ते हेलकावे नीट दिसत नाहीत. तिला बाजूला उभी करा. काय झालं ते तिनं सांगायचं, माती किती हे तिनं ठरवायचं, तुम्ही परत सोडायचं. तिचं निदान चुकीचं आहे हे तुम्हाला दिसत असेल तरी ती सांगेल तेच करा. पुढच्या फेकीला विमान स्वतःच तिला सांगणार आहे, तुम्ही सांगायची गरज नाही.

या रबराच्या विमानाचा वंश मोठा आहे, तिला रस वाटला तर सांगा. १८७१ मध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणानं रबराच्या पिळावर उडणारं विमान लोकांसमोर उडवलं. ते ११ सेकंद हवेत राहिलं, चाळीस मीटर गेलं, आणि मागच्या टेलमुळं आपोआप सरळ राहिलं. सात वर्षांनी, १८७८ मध्ये, अमेरिकेतल्या मिल्टन राइट नावाच्या एका धर्मगुरूनं आपल्या मुलांसाठी रबरावर वर उडणारं एक खेळणं आणलं; बूच, बांबू आणि कागद यांचं, पेनोच्याच कल्पनेवरचं. विल्बर अकरा वर्षांचा, ऑर्व्हिल सात वर्षांचा; हेच पुढचे राइट बंधू. ते खेळणं लवकरच मोडलं. मग पोरांनी तसंच दुसरं बनवलं, त्याहून मोठं बनवलं, आणि मोठं केलं की ते नीट उडत नाही हे बघून चक्रावली. दुप्पट आकाराला ताकद दुपटीनं पुरत नाही, ती आठपट लागते, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. वडिलांनी खेळणं आणून दिलं. मोडायचं आणि मोठं करायचं काम पोरांनी केलं. पुढं १९१० च्या मे महिन्यात ऑर्व्हिलनं ८१ वर्षांच्या मिल्टनना विमानात शेजारी बसवून वर नेलं. घाबरण्याऐवजी ते 'अजून वर, ऑर्व्हिल, अजून वर' असं म्हणत होते असं सांगतात. पायलट मुलगा होता.

रबराच्या विमानावर एक हंगाम जाऊ द्या. मग तिनं विषय काढला तर ट्रेनर. तिनं काढला तर, हे पुन्हा लिहिते.

सिम्युलेटरबद्दल तुमच्या पत्रात तक्रारीचा सूर आहे. तो सोडा. रेडिओच्या विमानातली सगळ्यात अवघड गोष्ट कुठली? विमान आपल्याकडं तोंड करून येत असतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. कंट्रोल लाइनमध्ये हा प्रश्नच नव्हता, तिथं तुम्ही मध्ये आणि विमान तुमच्याभोवती फिरतं, हातात फक्त वर आणि खाली. म्हणजे या एका बाबतीत तुमचा इतक्या वर्षांचा हात तुमच्या कामाचा नाही, आणि तासन्‌तास सिम्युलेटरवर बसलेल्या तुमच्या मुलीचा आहे. ती जे करते आहे तो टाइमपास नाही, सराव आहे. रेडिओ तुम्ही घेतलात तीन वर्षांपूर्वी. म्हणजे इथं तुम्ही दोघंही नवखेच. तिच्याकडून शिका. 'समोरून येताना तू कसं लक्षात ठेवतेस?' हे तिला विचारा, आणि खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून विचारा. तिच्या शेजारी बसून सिम्युलेटरवर विमान पाडा, तिच्यासमोर पाडा, चार-पाच वेळा पाडा. तिथं मोडलं तरी खर्च नाही.

ट्रेनर पुन्हा उडवायची वेळ आली की बडी बॉक्सची सोय करा. दोन ट्रान्समीटर केबलनं किंवा वायरलेस जोडले जातात, तिच्या हातात तिचा, तुमच्या हातात तुमचा, आणि ताबा कुणाकडं हे तुमच्याकडच्या एका स्विचवर. ओढाओढीचा प्रश्न मिटतो. पण स्विच तुमच्या बोटाखाली असल्यामुळं मोह तसाच राहतो, म्हणून बोली आधी ठरवा. खऱ्या विमानात शिकवणारा आणि शिकणारा ताबा देता-घेताना तोंडानं स्पष्ट बोलतात. तुम्हीही तसंच करा. 'माझ्याकडं' म्हटल्याशिवाय स्विच हलवायचा नाही, आणि सावरलं की लगेच 'तुझ्याकडं' म्हणून परत द्यायचं. कुठल्या उंचीच्या खाली आलं तर तुम्ही घ्यायचं हे उड्डाणाआधी ठरवा, आणि उंची तिनं सांगावी. त्याच्या वर विमान कितीही वेडंवाकडं गेलं तरी तुमचं बोट बाजूला.

कवलापूरचं विचारलंत. ती विमानतळाची जागा आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे, पण परवानगीशिवाय तिथं जाऊ नका. गोडी जागेमुळं लागत नाही. ओळखीच्या कुणाचं ऊस तुटून गेलेलं रान बघा, हिवाळ्यात सांगलीच्या आसपास ते मिळतं. उभ्या उसाच्या शेजारी मात्र नको, विमान आत गेलं की शोधणं अशक्य होतं आणि पानांनी हात फाटतात ते वेगळं. तासगावच्या बाजूला द्राक्षाच्या मांडवांच्या तारा, त्याही टाळा. वेळ पहाटेची, वारा उठायच्या आत. रेडिओच्या विमानाला ड्रोन नियम, २०२१ लागू होतात. जायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर ती जागा उडवायला मोकळ्या अशा ग्रीन झोनमध्ये आहे ना ते बघा, तिथं जमिनीपासून ४०० फुटांपर्यंतच उडवा, आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात ठेवा. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही, फुगलेली वापरायची नाही, आणि घरात मोटर तपासताना प्रॉपेलर काढूनच. हे तिलाही तितकंच माहीत हवं, कारण मेकॅनिक चुकला तर पायलटनं टोकायला हवं.

दहावीचा प्रश्न तुमच्या पत्नीचा आहे आणि रास्त आहे. आठवडाभरात एक सकाळ, त्याहून जास्त नको, आणि परीक्षेच्या आधी टेबल बंद. त्यांच्याशी हे ठरवून टाका, मुलीला मधे न घालता.

'माझ्यानंतर हे सगळं कोण बघणार' हे मात्र तिला विचारू नका, तिच्या कानावर जाईल असं बोलूही नका. तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर वडिलांच्या अख्ख्या टेबलाचं ओझं ठेवलं की ती त्या टेबलाकडं कशी येईल? ती येईल, किंवा नाही येणार. तिला उद्या विमानाचं गणित आवडेल आणि गोंद आवडणार नाही, किंवा विमानातलं काहीच आवडणार नाही आणि तबला आवडेल, गाण्याबजावण्याची मिरज काही लांब नाही. तुम्ही मात्र थांबू नका. रोज संध्याकाळी टेबलावर बसा, तिच्यासाठी म्हणून नव्हे, तुम्हाला आवडतं म्हणून. तुमच्याकडचं ज्ञान घ्यायला इतर माणसंही आहेत. इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं एअरो डिझाइनच्या स्पर्धांसाठी विमानं बनवतात आणि त्यांना सीजी कुठं घ्यायचा हे हातानं दाखवणारं माणूस क्वचित भेटतं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एअरोमॉडेलिंग आजही शिकवतात, तिथल्या कॅडेट्सना विचारा. तुमचं उत्तराधिकारपत्र तिनं लिहून द्यावं ही अपेक्षा एकदा उतरवलीत की तुमच्याही छातीवरचं दडपण कमी होईल.

पुराच्या वेळी दप्तरात तिनं काय भरलं होतं, ते तुम्ही स्वतः लिहिलंय. पहिली-दुसरीतल्या मुलीनं ते कुणी सांगितलं म्हणून केलं नव्हतं. तो डबा अजून असेल तर त्यातल्या रिब्स नव्या विमानाला वापरायच्या का, हे तिला विचारून बघा. ती नको म्हणाली तर डबा परत ठेवा.

राहता राहिलं इंजिन. ते जाम झालंय त्यात पुराच्या गाळाइतकाच इंधनातल्या जुन्या एरंडेलाचाही हात असणार. वर्षानुवर्षं आत राहिलेलं एरंडेल लाखेसारखं धरून बसतं. पकडीनं प्रॉपेलरचा दांडा पिळायचा नाही, कनेक्टिंग रॉड वाकेल. आधी बाहेरचा गाळ ब्रशनं आणि रॉकेलनं धुवून काढा, आत वाळू राहिली असेल तर फिरवल्यावर सिलिंडर ओरखडला जाईल. मग हेअर ड्रायरनं बेताचं गरम करा, आणि बोटांनी हलकेच पुढं-मागं करत राहा. एका दिवसात सुटलं नाही तर थिनरमध्ये बुडवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत. सुटलं की खोलून पुसा, पातळ तेलाचे थेंब सोडा. इंजिन डिझेल प्रकारचं असेल तर त्याचं ईथरचं इंधन आणि ग्लो प्रकारचं असेल तर मेथॅनॉल, दोन्हींची वाफ आणि विष घरात नको. ते चालवायचं तर तुम्ही, उघड्यावर, आणि ती मोठी झाल्यावर. पण खोलताना तिला बोलवा. स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात द्या आणि स्क्रू ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं वर्तमानपत्रावर मांडायचं काम तुम्ही करा.